मधलं कुठंय?

मोशी,
गुरुवार, १४ नोव्हेंबर २०२४

आदरणीय अरुंधतीबाई,
रुपाली कावरखेचा नमस्कार.

तुम्ही मला ओळखत नाही. रविवारी निगडीच्या वाचनालयात विश्वावर तुमचं व्याख्यान झालं. तेव्हा मागच्या रांगेत दाराजवळ कंपनीच्या निळ्या गणवेशात एक बाई बसली होती, ती मी. चाकणच्या एका रबर कंपनीच्या लॅबमध्ये मी काम करते. पहिली पाळी संपवून तशीच आले होते.

शेवटी तुम्ही प्रश्न विचारा म्हणालात. मी उठून विचारलं, "सगळं पसरायलंय, तर मग मधलं कुठंय?" तुम्ही हसून म्हणालात, "हल्ली रात्री अकराच्या सुमाराला पूर्वेला उगवतो. लालसर दिसतो, चुकायचा नाही." लोक हसले. मी खाली बसले. शेजारच्या बाईंनी कानात सांगितलं की तुम्ही मंगळाबद्दल बोलताय. मी मंगळाचं काही विचारलंच नव्हतं.

मी मूळची हिंगोली जिल्ह्यातली. माझ्या बोलण्याला लोक हसतात, त्याची सवय आहे. पण बाई, तो प्रश्न मला खरंच पडला होता. बारावीला सायन्स होतं, पुढं लग्न झालं आणि शिक्षण राहिलं. तुम्ही म्हणालात की सगळ्या दिशांना सगळं आपल्यापासून लांब चाललंय. मग आपणच मधोमध आहोत का? मोशी-चाकणची माणसं विश्वाच्या मधोमध असतील हे काही मनाला पटंना.

फोनपेक्षा पत्र लिहा, असं सांगून तुम्ही पत्ता दिला होता. म्हणून लिहितेय. प्रश्न खुळ्यासारखा असेल तर उत्तर नाही दिलं तरी चालेल.

रुपाली नवनाथ कावरखे


निगडी प्राधिकरण,
२० नोव्हेंबर २०२४

प्रिय रुपालीताई,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. प्रश्न खुळा तर नाहीच, त्या दिवशीचा सगळ्यात चांगला प्रश्न होता. त्या हॉलमधले पंखे फार आवाज करतात, त्यात घोटाळा झाला. तुम्हाला वाईट वाटलं याचा मला खेद आहे.

आता उत्तर. एक फुगा घ्या. थोडा फुगवून त्यावर पेनानं ठिपके काढा, मग आणखी फुगवा. प्रत्येक ठिपका दुसऱ्यापासून लांब जाईल. आता समजा, त्या फुग्याच्या कातडीवर एक मुंगी राहते. तिला कातडी सोडून दुसरं काही ठाऊक नाही, ना आतली हवा, ना बाहेरची खोली. ती कुठल्याही ठिपक्यावर उभी राहिली तरी तिला वाटणार, सगळे माझ्यापासूनच पळतायत. मधला ठिपका शोधायला ती जन्मभर फिरली तरी तिला तो सापडणार नाही, कारण त्या कातडीवर मधला असा ठिपकाच नाही.

आपली गत त्या मुंगीसारखी आहे. म्हणजे मोशी मधोमध नाही आणि निगडीही नाही. मधोमध कुणीच नाही.

पटलं का ते कळवा. न पटलं तर जरूर कळवा.

अरुंधती साठ्ये


मोशी,
२८ नोव्हेंबर २०२४

आदरणीय बाई,

तुमचं पत्र आलं तेव्हा माझी मैत्रीण मिनल घरी होती. पत्रानं फुग्याचं शास्त्र शिकणारी बाई तिनं पहिल्यांदाच पाहिली म्हणे.

मुंगीचं पटलं. पण मी फुगा आणून करून बघितलं आणि घोळ झाला. ठिपकेसुद्धा फुगले! आधी एक ठिपका चार मिलिमीटरचा होता, नंतर अकरा भरला. लॅबवाल्यांना मोजल्याशिवाय चैन पडत नाही.

मग आपणही फुगतोय का? मी, माझं घर, माझी मोजपट्टी, सगळंच सारखं वाढत असेल तर काही पसरतंय हे कळणार तरी कसं? चार सेंटीमीटरचं पाच झालं आणि पट्टीवरचा सेंटीमीटरही तेवढाच वाढला, तर पट्टी चारच दाखवणार. मग तुमच्या शास्त्रज्ञांना कळलं कसं?

उलट प्रश्न विचारतेय, रागावू नका. नवनाथ म्हणाला, "बाईंचं डोकं खाऊ नको, वयस्कर आहेत."

रुपाली


निगडी,
३ डिसेंबर २०२४

प्रिय रुपालीताई,

नवनाथरावांना सांगा, या वयात डोकं खायला कुणी येत नाही, हीच खरी अडचण असते.

चौतीस वर्षं मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलं. फुग्याचं उदाहरण दर वर्षी दिलं. ठिपका मोजून आणणारी तुम्ही पहिलीच. चूक तुमची नाही, उदाहरणाची आहे. ठिपके शाईनं काढण्याऐवजी टिकल्या चिकटवा. फुगा फुगला तरी टिकली तेवढीच राहील.

विश्वातल्या टिकल्या म्हणजे दीर्घिका, अब्जावधी ताऱ्यांचे थवे. एका थव्यातल्या ताऱ्यांना गुरुत्वाकर्षणानं बांधून ठेवलेलं असतं. सूर्यानं पृथ्वीला धरलंय, आणि तुमच्या मोजपट्टीतल्या अणूंनी एकमेकांना त्याहून घट्ट धरलंय. जिथं असं धरून ठेवणारं काही आहे तिथं पसरणं होत नाही. थव्याथव्यांच्या मधल्या प्रचंड मोकळ्या जागेत ते होतं. गंमत म्हणून मी हिशेब केला. मीटरभर लांबीला कुणीच धरून ठेवलं नसतं, तरी वर्षभरात तिच्यात एका अणूएवढीसुद्धा भर पडली नसती. तेव्हा तुमची पट्टी भरवशाची आहे.

फुगा नको असेल तर बेकरीतला बेदाण्यांचा पाव घ्या. पीठ फुगतं, बेदाणे लांब लांब जातात, पण बेदाणा काही फुगत नाही.

कधी निगडीला आलात तर घरी या. पत्ता आहेच तुमच्याकडे.

अरुंधती साठ्ये


निगडी,
६ जानेवारी २०२५

प्रिय रुपालीताई,

महिना होऊन गेला, तुमचं पत्र नाही. घरी सगळं ठीक आहे ना? की बेदाण्यांच्या पावातही खोट सापडली आणि ती सांगायचा संकोच वाटतोय? तसं असेल तर संकोच करू नका. पोस्टमन आला की मी दारात जाते आणि तो बँकेची पाकिटं देऊन जातो.

अरुंधती साठ्ये


मोशी,
१२ जानेवारी २०२५

अरुंधतीबाईंना नमस्कार.

घरी सगळं ठीक आहे.

१२ डिसेंबरला गुरुवार होता, आमची साप्ताहिक सुट्टी. तुम्ही घरी या लिहिलं होतं म्हणून मी आले होते. फाटकातून आत येऊन बेल दाबली. पाच-सहा वेळा दाबली. खिडकी उघडी होती. तुम्ही खुर्चीत पाठमोऱ्या वाचत बसला होतात. मी खिडकीतून तीन वेळा "बाई" म्हणून हाक मारली. तुम्ही पान उलटलंत, पण मान वळवली नाहीत. मी दहा मिनिटं उभी होते. नंतर परत गेले.

पत्रात या लिहिणं वेगळं आणि दारात आलेल्याला आत घेणं वेगळं, एवढं मला कळतं. माझी काही तक्रार नाही.

त्या दिवशी एक वस्तू दाखवायला आणली होती, ती सोबत पाठवतेय. माझ्याकडं ठेवून उपयोग नाही. आमच्या लॅबमध्ये रबर किती ताणलं की तुटतं ते मशीनवर तपासतात. टाकाऊ शीटमधून मी ही पट्टी कापली आणि तिच्यावर एकेका सेंटीमीटरवर सात खुणा केल्या. साहेबांना विचारून मशीनमध्ये लावली आणि दुप्पट लांब होईपर्यंत ताणली. दुसऱ्या खुणेवर बोट ठेवून मोजलं. शेजारची खूण एक सेंटीमीटर लांब गेली, तिच्या पलीकडची दोन, त्याच्याही पलीकडची तीन. मग पाचव्या खुणेवर बोट ठेवलं. आकडे तेच. कुठल्याही खुणेवरून बघा, जी जितकी लांब ती तितकी जोरात पळते. पट्टी धरणारा मशीनचा खालचा जबडा हलत नाही, वरचाच हलतो, तरी खुणांना त्यातलं काही कळत नाही.

एवढंच सांगायचं होतं.

रुपाली कावरखे


निगडी,
१७ जानेवारी २०२५

प्रिय रुपाली,

आता अहो-जाहो करत बसत नाही, कारण जे लिहायचंय ते 'तुम्हाला' लिहिता येणार नाही.

मला ऐकू येत नाही. दोन वर्षं झाली, दाराची बेल ऐकलेली नाही. त्या दिवशी तू हाका मारल्यास त्या मला ऐकूच आल्या नाहीत. समोर बसलेल्या माणसाचं बोलणं मी ओठांवरून ओळखते, निम्मं खरं आणि निम्मं मनानं भरलेलं. वाचनालयात तू लांब होतीस. तुझे ओठ 'म'साठी मिटले, एवढंच कळलं. विश्वावरच्या व्याख्यानाला येणारे दहांतले सहा जण मंगळाचंच विचारतात, म्हणून मी 'मंगळ' धरलं. पंख्यांचा काही दोष नव्हता. ते मी खोटं लिहिलं.

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. पिंपळे सौदागरला माझा मुलगा अवधूत राहतो, त्यालाही नाही. तो फोन करतो, मी उचलत नाही, नंतर मेसेज करते की कामात होते. कानाचं यंत्र आणलंय. ते शिट्ट्या मारतं, म्हणून कपाटात आहे. चौतीस वर्षं बोलण्यावर जगले ग मी. वर्गात शेवटच्या बाकावरची कुजबुज मला ऐकू यायची. तुझं पहिलं पत्र वाचलं त्याच दिवशी ठरवलं की आता पुरे. मार्चमध्ये वाचनालयात पुढचं व्याख्यान आहे, त्याला मी नाही म्हणून कळवलंय.

तू दहा मिनिटं उभी राहून परत गेलीस. मला क्षमा कर.

आता तुझी पट्टी. ती माझ्या टेबलावर आहे आणि सकाळपासून मी ती ताणतेय. जितकं लांब तितकं जोरात, हे खगोलशास्त्रज्ञांनी शंभर वर्षांपूर्वी मोठमोठ्या दुर्बिणी लावून मांडलं. तू ते टाकाऊ रबरावर मोजलंस.

आणखी एक करून बघ. अशाच पट्टीवर पेनानं एक नागमोडी रेघ काढ आणि ताण. वळणं एकमेकांपासून लांब जातील. दीर्घिकेचा प्रकाश आपल्याकडे येताना त्याच्या लाटा अशाच ताणल्या जातात, आणि लांब लाटेचा प्रकाश लालीकडे झुकतो. जितकी दूरची दीर्घिका, तितका तिचा प्रकाश जास्त झुकलेला. मागे तू विचारलं होतंस ना, शास्त्रज्ञांना कळलं कसं? असं कळलं.

तुझी,
अरुंधती साठ्ये


मोशी,
२३ जानेवारी २०२५

आदरणीय बाई,

तुमचं पत्र मी बसमध्ये उघडलं आणि परत मिटलं. घरी येऊन पूर्ण वाचलं. क्षमा मी मागायची. बेल ऐकू आली नसेल, हे माझ्या डोक्यात यायला पाहिजे होतं. दुसऱ्या कुणाच्या नाही तर माझ्या तरी नक्कीच.

कारण माझा नवरा नवनाथ सोळा वर्षं प्रेस शॉपमध्ये आहे. पत्रा दाबायच्या मोठ्या मशीन असतात तिथं. त्याचा डावा कान गेलाय, उजवाही अर्धा. घरी आम्ही निम्मं हातांनीच बोलतो. जेवण झालं का, चहा ठेवू का, गॅस संपला, सगळ्याच्या खुणा आहेत. भांडणाच्यासुद्धा आहेत. त्याच्या शॉपमध्ये पंचेचाळीसच्या पुढच्या कुणालाही नीट ऐकू येत नाही आणि कुणी लपवत नाही. "डाव्या बाजूनं बोलू नको भावा, तिकडं दुकान बंद आहे," असं सरळ सांगतात.

बाई, रागावणार नसाल तर एक लिहू? ऐकू येत नाही यात तुमची काही चूक नाही. सांगितलं नाही, ही चूक. मी महिनाभर समजत होते की तुम्हाला मला आत घ्यायचंच नव्हतं. तुमचा मुलगा काय समजत असेल?

आणि व्याख्यान रद्द करू नका. तुम्ही बोला. प्रश्नांच्या वेळी मी तुमच्याजवळ बसते आणि लोक काय विचारतात ते लिहून देते. लॅबचे रिपोर्ट मीच लिहिते, माझं अक्षर चांगलं आहे.

नागमोडी रेघ काढून बघितली. वळणं लांब गेली, पण रेघ बारीक आणि फिकटही झाली. दूरच्या दीर्घिकांचा प्रकाशही फिकट होतो का, की ती नुसती माझी शाई?

येत्या गुरुवारी नवनाथला घेऊन येते. बेल दाबणार नाही. अकरा वाजता खिडकीसमोर उभी राहून हात हलवते. तुम्ही तेवढं खिडकीकडं तोंड करून बसा.

तुमची,
रुपाली


निगडी,
५ फेब्रुवारी २०२५

प्रिय रुपाली,

प्रकाश फिकट होतोच. ताणल्या गेलेल्या लाटेतली ऊर्जाही कमी होते. तुझ्या शाईनं बरोबर सांगितलं, जरी तिचं कारण वेगळं होतं.

गुरुवारी तुम्ही आलात तेव्हा नवनाथनं बसवलेला दिवा उत्तम चालतो. बेल दाबली की स्वयंपाकघरात आणि बैठकीत लाल दिवा लागतो. काल दूधवाला आला, दिवा लागला, मी दार उघडलं. तो इतका दचकला की दुधाची पिशवी हातातून पडली. दोन वर्षं तो पिशवी कडीला अडकवून जातोय.

रविवारी अवधूतला बोलावून सगळं सांगितलं. मला वाटलं, चिडेल. त्यानं मोबाइलवर लिहून माझ्यापुढे धरलं, "मला वाटत होतं, तुला माझ्याशी बोलायचंच नसतं." रुपाली, मी त्याची आई, आणि दोन वर्षं हे मला दिसलं नाही. आता तो कानाचं यंत्र नीट बसवून घ्यायला मला घेऊन जाणार आहे. शिट्ट्या सोसायच्या असं ठरवलंय.

वाचनालयाला होकार कळवला. २ मार्च, रविवार, संध्याकाळी साडेपाच. तुझी पाळी बदलून मिळेल ना? तुझी पट्टी सगळ्यांना दाखवायची आहे. मशीनवर मोजलेलं तू सांग, बाकीचं मी बोलते.

तुझी,
अरुंधतीबाई


निगडी,
४ मार्च २०२५

प्रिय रुपाली,

व्याख्यान झालं आणि तू शेवटची बस पकडायला धावलीस. मी तुला हाक मारत राहिले. ती तुला ऐकू आली नाही, याची मला थोडी गंमत वाटली.

पण एक गोष्ट राहिली आणि दोन दिवस ती मला स्वस्थ बसू देत नाही. सहा प्रश्नांच्या चिठ्ठ्या तू मला दिल्यास, सहांचीही उत्तरं मी दिली. सातव्या वेळी खादीचं जाकीट घातलेले एक वयस्कर गृहस्थ उठले. यंत्रानं मला आवाज दिला, पण शब्द दिले नाहीत. तू लिहायला सुरुवात केलीस, मध्येच थांबलीस आणि उठून उभी राहिलीस. तू दोन्ही हातांनी पट्टी ताणून दाखवलीस, मग ती टेबलावर ठेवलीस आणि नकारार्थी मान हलवलीस. ते पुढे काही बोलले. तूही बोललीस. सगळा हॉल तुझ्याकडे बघत होता आणि कुणीही हसत नव्हतं. मग टाळ्या वाजल्या. त्या मला ऐकू आल्या.

तुझी अर्धी चिठ्ठी माझ्यासमोर आहे. तिच्यावर 'विश्व पसरतंय ते' एवढंच लिहिलंय. पुढं काय होतं? त्यांनी काय विचारलं आणि तू काय सांगितलंस? सगळं लिही, काही गाळू नकोस.

तुझी,
अरुंधतीबाई


मोशी,
६ मार्च २०२५

आदरणीय बाई,

त्या काकांचा प्रश्न तुम्हाला लिहून न देता मी मध्येच उठले, म्हणून तुम्ही रागावाल असं वाटत होतं. मुद्दाम नाही केलं. लिहिता लिहिता उत्तर तोंडात आलं आणि मी उभी राहिले.

त्यांचं नाव यशवंतराव. चिंचवडला राहतात, आयुष्यभर कारखान्याच्या टूल रूममध्ये साचे आणि हत्यारं बनवली. त्यांनी विचारलं, "विश्व पसरतंय ते कशात? बाहेर काही तरी जागा असणारच ना?"

मी म्हटलं, "काका, मी रबर ताणते तेव्हा त्याला बाहेरची जागा लागते. मशीन लागते, खोली लागते. म्हणून या रबराचं उदाहरण इथवरच चालतं. विश्वाच्या बाहेर खोली नाही, बाहेर असं काही नाहीच. ते कुठल्या रिकाम्या जागेत घुसत नाही. आतल्या थव्याथव्यांमधलं अंतर वाढतं, एवढंच." आणि पट्टी खाली ठेवली.

ते म्हणाले, "पोरी, हे मनाला पटत नाही."

मी म्हटलं, "मला पण पटत नाही, काका. पण मोजल्यावर तसंच निघतं."

मला वाटलं, आता हसतील. यशवंतराव म्हणाले, "हां. मोजून निघत असेल तर आपल्याला बोलता येत नाही." ते टूल रूमचे, केसाएवढी जाडी मोजणारा मायक्रोमीटर हातात धरून म्हातारे झालेले. त्यांना ते कळलं. टाळ्या त्यांनीच सुरू केल्या.

बाई, मी बरोबर सांगितलं का? 'बाहेर काही नाहीच' हे मी फार ठासून बोलले. बसमध्ये बसल्यावर शंका आली. चुकीचं सांगितलं असेल तर ते माणूस तसंच धरून बसेल. निघताना धावत का होईना, मी त्यांचा पत्ता घेतलाय. माझं काही चुकलं असेल तर लगेच कळवा. पुढच्या गुरुवारी चिंचवडला जाऊन सांगून येते.

तुमची,
रुपाली


निगडी,
१० मार्च २०२५

प्रिय रुपाली,

बरोबर सांगितलंस. मी याहून चांगलं सांगितलं नसतं. मी दहा मिनिटं बोलले असते आणि यशवंतराव जांभई देत बसले असते.

फक्त 'बाहेर काही नाहीच' याच्या जागी 'बाहेर काही असावं लागत नाही' असं म्हटलं असतंस तर जास्त चोख झालं असतं. आज जे मोजलंय ते समजायला बाहेरची जागा लागत नाही, एवढंच आपल्याला ठाऊक आहे. त्यापलीकडचं मलाही ठाऊक नाही. विश्व किती वेगानं पसरतंय, याचे दोन पद्धतींनी काढलेले आकडेसुद्धा अजून एकमेकांशी जुळत नाहीत. मोठमोठी माणसं त्यावर हुज्जत घालतायत.

तेव्हा या गुरुवारी चिंचवडला जायची गरज नाही. पण पत्ता जपून ठेव. उद्या कुणी वेगळं मोजलं, तर त्यांना जाऊन सांगावं लागेल.

तुझी,
अरुंधतीबाई